न्हाणीघराचा पैसा आधी कुठे लागावा?

घर दुरुस्तीला काढले की आपल्याकडे पहिला पैसा दर्शनी भागाला लागतो. हॉलला पीओपी, गेटला रंग, टीव्हीमागे डिझाइनचा कागद. न्हाणीघराची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तोवर पैसा संपलेला असतो. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणता म्हणता दहा-पंधरा वर्षे निघून जातात. ज्या दिवशी पाळी खरोखर येते, त्या दिवशीही घरात पहिली चर्चा होते ती टाइलचा रंग कोणता घ्यायचा याची. पाणी कुठे मुरते, म्हाताऱ्या माणसाचा पाय कुठे घसरतो, ओल्या हाताने गिझरचे बटण दाबणाऱ्या पोरीला शॉक बसला तर काय, हे प्रश्न त्या टाइलखाली गाडले जातात.

आमचे म्हणणे सरळ आहे. हातात पैसा कमी असेल तर तो आधी न दिसणाऱ्या गोष्टींना आणि काम करणाऱ्या माणसांना लागला पाहिजे. दिसणाऱ्या गोष्टी त्यानंतर. मागच्या उन्हाळ्यात २८,००० रुपये हाताशी धरून आम्ही घरचे न्हाणीघर नीट केले. त्याचा हिशोब आणि त्यामागचा विचार आज मांडत आहोत.

एका कार्यकर्त्या मित्राने विचारलेच, "चळवळीसमोर एवढे प्रश्न असताना तुम्ही बाथरूमवर लिहिणार?" हो, लिहिणार. घरातल्या कोणत्या जागेला उजेड मिळतो आणि कोणती जागा अंधारात राहते, हे काही आपोआप ठरत नाही. आपल्या समाजात मलमूत्राशी संबंध आलेली जागा आणि ती जागा साफ करणारा माणूस, दोघांनाही मागच्या दाराला ठेवण्याची रीत आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मधली अरुंद 'हाऊस गल्ली' आजही दिसते. मैला वाहून नेणारा माणूस घरातल्या लोकांच्या नजरेला न पडता मागच्या मागे यावा आणि जावा, यासाठी ती वाट होती. भिंती कुठे घालायच्या हेही जातीने ठरवले, ते असे. आम्ही समाजशास्त्राच्या वर्गात शुद्ध-अशुद्धतेवर कितीतरी व्याख्याने ऐकली. तो सिद्धांत विटा-सिमेंटमध्ये बघायचा असेल तर घराच्या मागच्या बाजूला जावे.

आणि ज्यांच्या पूर्वजांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावण्यासाठी लढावे लागले, त्यांनी स्वतःच्या घरातल्या पाण्याच्या जागेला दुय्यम का मानावे? २०११ च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांच्या आवारात शौचालयच नव्हते. म्हणजे दार लावून अंघोळ करता येणे, पहाटे अंधारात बाहेर जावे न लागणे, हे आपल्यातल्या अनेकांच्या घरी याच पिढीत आले आहे. इतक्या उशिरा मिळालेली जागा गळकी, निसरडी आणि कोंदट राहू द्यायची, हे आम्हाला पटत नाही.

आता आमच्या घराबद्दल. आम्ही औरंगाबादेत राहतो. घर चाळीसेक वर्षांपूर्वीच्या सरकारी वसाहतीतले, अल्प उत्पन्न गटाचे. न्हाणीघर आणि संडास एकत्र, चार फूट बाय सात फूट. बसायचे भारतीय पद्धतीचे भांडे, कंबरेच्या थोडे वरपर्यंत पांढऱ्या टाइल, त्यावर पोपडे सुटलेला चुना. स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीला बारमाही ओल. दाराच्या समोरच्या कोपऱ्यात कायम पाण्याचे डबके. त्याच डबक्यात गेल्या पावसाळ्यात आईचा पाय घसरला आणि मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

एका ठेकेदाराला बोलावले. त्याने पाच मिनिटांत सांगून टाकले, "सगळं तोडा, छतापर्यंत टाइल लावा, वॉल-हंग कमोड बसवा. एक लाख पस्तीस हजार. हप्ते पाडून देतो." हप्ता काढला तर मुलीच्या शाळेची फी आणि हप्ता एकाच महिन्यात येत होते. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "पोरांनो, मला चकचकीत नको. धरायला काहीतरी लावा." आमच्या सगळ्या कामाचा आराखडा त्या एका वाक्यातून निघाला.

तोडायच्या आधी तपासायचे, असे आम्ही ठरवले. तपासायला पैसे लागत नाहीत. ओल नेमकी कुठून येते हे कळल्याशिवाय हातोडी उचलली तर ज्याची गरज नाही ते तुटते आणि जे बिघडले आहे ते तसेच राहते.

पहिली तपासणी नळाच्या लाइनची. रात्री घरातले सगळे नळ घट्ट बंद केले. गच्चीवरच्या टाकीत काठी उभी बुडवून पाणी किती आहे याची खूण केली. सकाळी पाणी चार बोटे उतरलेले होते. दुसऱ्या रात्री न्हाणीघराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून तेच केले. पाणी होते तिथेच राहिले. म्हणजे गळती न्हाणीघराच्या लाइनमध्ये, भिंतीच्या आत होती.

दुसरी तपासणी जमिनीची. नहाणी ट्रॅपचे तोंड प्लास्टिक आणि फडके कोंबून बंद केले, जमिनीवर इंचभर पाणी साठवले, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि चोवीस तास थांबलो. तेवढा वेळ शेजारच्या मावशींनी त्यांचे न्हाणीघर वापरू दिले. पाणी जवळजवळ रेघेवरच होते. म्हणजे जमीन झिरपत नव्हती. तिचा दोष वेगळा होता. ढाळ ट्रॅपकडे नसून उलट कोपऱ्याकडे होता आणि टाइल गुळगुळीत होत्या.

या दोन तपासण्यांनी ठेकेदाराचे निम्मे काम रद्द केले. भिंतीच्या टाइल काढायची गरज उरली नाही. बदलायची होती ती पाण्याची लाइन आणि जमीन.

जाता जाता, 'नहाणी ट्रॅप' हा शब्द आपल्या न्हाणीतून थेट प्लंबिंगच्या पुस्तकांत आणि दुकानदारांच्या कॅटलॉगमध्ये गेला आहे. त्याचे काम साधे आहे. वाकलेल्या भागात थोडे पाणी कायम साठून राहते आणि ते पाणी गटाराची दुर्गंधी आणि झुरळे अडवते. न्हाणीघराला वास मारत असेल तर अत्तराच्या वड्या टांगण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी टिकते का ते बघावे. आमचा ट्रॅप तडकलेला होता. नवा ट्रॅप आणि जाळी मिळून ४५० रुपयांत वास गेला.

आता पाइप. भिंतीत गाडलेला जुना लोखंडी पाइप गंजून सांध्यावर फुटला होता. तो काढायचा तर भिंत फोडावी लागणार, टाइल जाणार आणि तशाच जुन्या टाइल आता मिळणार नाहीत. म्हणून आम्ही तो पाइप दोन्ही टोकांनी बंद करून भिंतीतच सोडून दिला. सीपीव्हीसीची नवी लाइन भिंतीवरून, बाहेरून, क्लॅम्प मारून नेली. दोन व्हॉल्व्हसह सामान २,९०० रुपयांत आले. बघणारे म्हणाले, "पाइप दिसतो, बरं नाही वाटत." आमचे उत्तर असे की दिसतो म्हणूनच बरा. उद्या सांधा गळला तर पाच मिनिटांत कळेल आणि भिंत न फोडता बदलता येईल. लपवलेल्या पाइपची गळती दहा वर्षे कळत नाही, कळते ती भिंत कुजल्यावर. सगळे काही लपवलेलेच चांगले, ही आवड आपल्याला ज्यांनी शिकवली, त्यांच्या घरातली घाण काढणारा माणूसही लपूनच येत-जात होता.

नळांचे म्हणाल तर ठिबकणारा नळ लगेच फेकू नये. जुना पितळी नळ दणकट असतो, त्याचे आतले स्पिंडल तेवढे झिजते. आम्ही एका नळाखाली रात्रभर बादली ठेवली तर सकाळी सात-आठ लिटर पाणी जमले. ज्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला काही-काही दिवसांच्या अंतराने येते आणि मधल्या दिवसांत टँकरला पैसे मोजावे लागतात, तिथे हे सात-आठ लिटर म्हणजे रोज अर्धी बादली गटारात. दोन नळांचे स्पिंडल बदलले, एक नळ नवा घेतला. खर्च १,१५० रुपये.

जमिनीसाठी फक्त खालच्या टाइल काढल्या. मिस्त्रींनी पाण्याच्या लेव्हल ट्यूबने ढाळ धरला. पाच फुटांत पाऊण ते एक इंच उतार पुरतो. त्यापेक्षा कमी असेल तर पाणी साचते, फार जास्त असेल तर चालताना तोल जातो. जमीन उघडलीच होती म्हणून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि ते भिंतीवर फूटभर वर चढवले, कारण पाणी बहुतेक वेळा जमीन आणि भिंत जुळतात तिथूनच शिरते. वाळल्यावर पुन्हा चोवीस तास पाणी साठवून बघितले आणि मगच खरबरीत, पाय न घसरणाऱ्या टाइल बसवल्या. मधले चार-पाच दिवस पुन्हा मावशींचेच न्हाणीघर कामी आले. ट्रॅप धरून जमिनीचे सगळे सामान ५,१५० रुपयांचे.

यानंतर आईची मागणी. स्टीलच्या दोन दांड्या आणल्या, एक भांड्याशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी. त्या किती उंचीवर लावायच्या हे कॅटलॉगमध्ये बघितले नाही. आईला बसायला-उठायला सांगितले, तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे खडूने खूण केली. दांडी नुसत्या टाइलला धरून राहिली तर एक दिवस टाइलसकट हातात येते, म्हणून बोल्ट मागच्या विटेत घट्ट बसवून घेतले आणि आधी आम्ही स्वतः लोंबकळून बघितले. वॉल-हंग कमोडऐवजी भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलच्या दुकानातून १,८०० रुपयांना आणली. आईसाठी ठेवता येते, बाकीच्यांसाठी उचलता येते. दांड्या आणि खुर्ची मिळून ३,१०० रुपये.

विजेत कंजूषी केली नाही. साधा एमसीबी जादा भार आला किंवा शॉर्ट झाला तर पडतो. पण माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतोच असे नाही. ते काम आरसीसीबीचे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळणारा करंट ओळखून क्षणात लाइन तोडतो. त्यासोबत वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतले. हवेसाठी सहा इंची एक्झॉस्ट पंखा आणि उजेडासाठी नऊ वॅटचा एलईडी. सगळे मिळून ३,८०० रुपये. पंखा लागल्यापासून अंघोळीनंतर भिंती कोरड्या राहतात आणि काळी बुरशी परत आली नाही.

रंगरूप सगळ्यात शेवटी आले आणि ते सगळ्यात स्वस्त पडले. बोअरच्या जड पाण्याने नळांवर आणि टाइलवर चढलेले पांढरे थर लिंबूसत्त्वाने निघाले. लिटरभर पाण्यात दोन चमचे, त्यात भिजवलेले फडके वीस मिनिटे गुंडाळून ठेवायचे आणि मग घासून भरपूर पाण्याने धुवायचे. बाजारातले बाथरूम ॲसिड वापरले की टाइल चमकते, पण तेच ॲसिड टाइलमधल्या फटींचे सिमेंट खाते आणि नळाचे क्रोमही उतरवते. एक गोष्ट प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे: ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. फटींमधला काळा पडलेला मसाला हॅक्सॉ ब्लेडने खरवडून काढला आणि नवा ग्राऊट भरला. हे काम घरच्यांनीच दोन रविवारी केले. टाइलच्या वरचा चुना खरवडून बाहेरच्या भिंतीला लावतात तो ॲक्रिलिक रंग फिकट पिवळ्या छटेत मारला. तो ओलाव्यात टिकतो. ग्राऊट आणि रंग मिळून १,७०० रुपये.

आता खरा मुद्दा, मजुरीचा. कमी पैशात घर सजवण्याचे सल्ले देणारे सगळे एकच युक्ती सांगतात: मजुरी वाचवा. फटी भरणे, रंग देणे हे आपण आपल्या हाताने करावे, त्यात वावगे काही नाही. पण ज्या कामाला कारागीर लागतो तिथे त्याचा दर पाडून केलेली बचत म्हणजे आपल्या बजेटचा भार दुसऱ्याच्या ताटावर टाकणे. आमच्याकडे मिस्त्रींसोबत बिगारी म्हणून एक ताई आल्या. मिस्त्रींनी दर सांगितला तो असा: पुरुष बिगारी असता तर ७०० रुपये, बाई आहे म्हणून ५००. सिमेंट कालवणे तेच, टोपले उचलणे तेच, मलबा जिन्यावरून खाली नेणेही तेच. समान कामाला समान मजुरी देण्याचा कायदा या देशात १९७६ साली झाला. आम्ही ७०० दिले. तीन दिवसांचे ६०० रुपये जादा गेले. ते आले कुठून? भिंतीवर मधोमध फुलांची नक्षी असलेल्या हायलाइटर टाइलची एक पेटी घ्यायचे घाटत होते, ती रद्द केली. मजुरी अशी: मिस्त्री ३,०००, ताई २,१००, प्लंबर २,०००, वायरमन ८००. एकूण ७,९००.

बाहेरचे चेंबर उघडायची वेळ आली तेव्हा प्लंबर म्हणाला, "याला त्या लोकांतला माणूस बोलवा, आम्ही हात घालत नाही." 'त्या लोकांतला' म्हणजे कोण, हे वेगळे विचारायची गरज नव्हती. चेंबर दीड फूट खोल, आमच्याच घरातले केस, साबण आणि जाळी नसल्यामुळे गेलेले खरकटे त्यात अडकलेले. आम्ही कोणालाही बोलावले नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एक लांब बांबू, दोन बादल्या पाणी. अर्ध्या तासात निचरा मोकळा झाला. प्लंबर बाजूला उभा राहून बघत होता. नंतर तो स्वतःच चेंबरच्या तोंडाला जाळी बसवायला खाली वाकला. आम्ही त्याला भाषण दिले नाही.

पण फरक लक्षात घ्या. घराचे उथळ चेंबर आणि सेप्टिक टँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टँकमध्ये किंवा गटारात कोणी उतरायचे नाही, आपण नाही आणि दुसऱ्यानेही नाही. आत साठलेला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे उतरवण्यावर बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. तरीही माणसे उतरवली जात आहेत आणि ती कोणत्या जातींची असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. टँक उपसायचा असेल तर मशीनची गाडीच बोलवावी, दोन पैसे जास्त गेले तरी.

मलबा नेणाऱ्या टेम्पोचे ६०० धरून एकूण खर्च २६,३०० रुपये झाला. उरलेल्या १,७०० रुपयांत दाराच्या खालच्या कुजलेल्या भागाला पत्रा मारून घेतला आणि आईच्या उंचीला एक छोटा आरसा लावला.

या हिशोबातले आकडे प्रत्येक गावात वेगळे येतील. क्रम मात्र बदलू नये, असे आमचे म्हणणे आहे. आधी गळती आणि निचरा. मग पडण्यापासून बचाव. मग वीज, मग हवा-उजेड. आणि या सगळ्यात राबणाऱ्या माणसाची पूर्ण मजुरी. एवढे करून पैसे उरले तर रंग आणि नक्षी. हौसेला आमचा विरोध नाही. कष्टकऱ्याच्या घरात सुंदर टाइल असू नयेत असे म्हणणारे लोक वेगळे आहेत आणि ते आमचे मित्र नाहीत. विरोध आहे तो म्हातारीला डबक्यात उभे करून तिच्यासमोर नक्षी लावण्याला.

न्हाणीघर घासायची पाळीही आता आठवड्याची वाटून घेतली आहे. नावांचा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्यावर घरातल्या पुरुषांची नावे आधी आहेत, कारण आजवर ते काम त्यांच्याकडे कधीच आलेले नव्हते.

आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी टाकीत काठी बुडवून बघितली. दोन्हीकडे सकाळी पाणी उतरलेले निघाले. लेव्हल ट्यूब, हॅक्सॉ आणि रबरी हातमोजे आमच्याकडे आहेत, ज्यांना लागतील त्यांनी घेऊन जावे. सध्या ते मावशींच्या घरी आहेत.